गरम पाण्याच्या गावात थंड कॉफी

सव म्हटलं की महाड-पोलादपूरच्या माणसाला पहिल्यांदा आठवतात ते गरम पाण्याचे झरे. सावित्रीच्या काठचं गाव आणि जमिनीतून आपोआप वर येणारं वाफाळतं पाणी. गुडघे धरलेली, कंबर दुखणारी माणसं लांबून इथे आंघोळीला येतात. अशा गावातल्या काही घरांच्या फ्रिजमध्ये आता एक नवीन बरणी दिसू लागली आहे. आत काळसर पाणी, तळाशी गाळ, झाकण घट्ट लावलेलं. विचारलं तर घरातलं तरुण माणूस ऐटीत सांगतं, ‘कोल्ड ब्रू आहे.’ घरातल्या वडीलधाऱ्यांचा त्यावरचा प्रश्न ठरलेला असतो. चांगली चुटकीसरशी होणारी कॉफी घरात असताना हा अठरा तासांचा खटाटोप कशासाठी?

प्रश्न साधा वाटतो, पण त्यात चव आहे, पैसा आहे, घरातल्या बाईचा वेळ आहे आणि तब्येतही आहे. म्हणून जरा नीट बघायला हवं.

आपल्या भागात इन्स्टंट कॉफीची बरणी आली ती बहुतेक घरांत दुकानातून नव्हे, तर बॅगेतून. कुवेत, दुबई, सौदी, बहरीनहून सुट्टीवर येणाऱ्या माणसाच्या सामानात दूध पावडरचा डबा, टँग, साबण, अत्तर आणि त्यांच्या मधोमध कपड्यांत गुंडाळलेली नेसकॅफेची काचेची बरणी असायचीच. ती रोज उघडायची नसे. मेहमान आले, मुलीला बघायला पाहुणे आले, की कपाटातून निघायची. चमचाभर कॉफी, साखर आणि पाण्याचे चार थेंब घालून ती पांढरी होईपर्यंत फेटत बसणं हे घरातल्या मुलींचं काम. हात दुखेपर्यंत फेटायचं, मग वरून उकळतं दूध. २०२० च्या लॉकडाउनमध्ये जगभर ‘डालगोना’ म्हणून जिचा गाजावाजा झाला, ती आपल्या आपांनी आणि फुफींनी कितीतरी आधी फेटून ठेवलेली होती!

कोल्ड ब्रू मात्र दुसऱ्या वाटेने आली. पुण्या-मुंबईत शिकणाऱ्या, आयटीत काम करणाऱ्या मुलामुलींनी आणली आणि काही प्रमाणात आखातातल्या नव्या कॉफी दुकानांतून परतलेल्या पोरांनी. म्हणजे बरणी तशीच काचेची, पण पिढी बदलली.

कहवा आपल्याला नवा नाही

कॉफीबद्दल बोलताना ती इंग्रजांची देणगी असल्यासारखं बोललं जातं. ते खरं नाही. कॉफीचं पेय म्हणून पहिलं पक्कं वास्तव्य सापडतं ते पंधराव्या शतकातल्या येमेनमध्ये, सूफींच्या खानकाहांत. रात्रीच्या जिक्रसाठी जागं राहायला ते कहवा पीत. तिथून ती मक्का, काहिरा आणि पुढे इस्तंबूलला गेली. वाद तिच्याही वाट्याला आले. १५११ मध्ये मक्केतल्या खैर बेग या अधिकाऱ्याने उलेमा आणि हकीम जमवून कहव्यावर बंदी घातली. काहिराच्या सुलतानाकडून ती बंदी लवकरच सैल झाली आणि लोक पुन्हा कहवा पिऊ लागले. सोळाव्या शतकात अब्दुल कादिर अल-जझीरी यांनी कहव्याच्या हलाल-हरामच्या या सगळ्या चर्चेवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. एका पेयासाठी एवढी शाई खर्च झालेली दुसरी उदाहरणं कमीच असतील.

येमेनचं मोखा हे बंदर कॉफीच्या व्यापाराचं नाक होतं. आणि त्या लाल समुद्राकडे जाणारी जहाजं आपल्याच किनाऱ्यावरून, दाभोळ-चौलवरून सुटत. हाजी त्याच जहाजांनी जात. मुघल दरबारी आलेला इंग्रज वकील थॉमस रो याच्याबरोबरचा पाद्री एडवर्ड टेरी याने लिहून ठेवलं आहे की, इथले धर्माने वागणारे लोक दारूला शिवत नाहीत, पण कॉफी नावाचं पेय घेतात. ही गोष्ट सतराव्या शतकाच्या सुरुवातीची. त्यानंतरची बाबा बुडन यांची कथा तर सर्वांना ठाऊक आहे. हजहून परतताना या बुजुर्गांनी मोख्याहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. साल साधारण १६७० सांगितलं जातं. त्या डोंगरांना आजही बाबा बुडनगिरी म्हणतात. आज भारतातली जवळपास सत्तर टक्के कॉफी कर्नाटकात होते. आपल्या महाराष्ट्रात नाव घ्यावं असं कॉफीचं ठिकाण एकच, अमरावती जिल्ह्यातलं चिखलदरा.

आखातात राहून आलेल्या माणसाला आणखी एक कॉफी माहीत असते. हलकी भाजलेली, वेलची घातलेली, पिवळसर, बिनसाखरेची आणि खजुराबरोबर छोट्या फिंजानमध्ये दिली जाणारी. ही अरबी कहव्याची मेहमाननवाजी २०१५ मध्ये युनेस्कोच्या वारसायादीत गेली. म्हणजे सवच्या एखाद्या घरातल्या माणसाने आयुष्यात तीन कॉफ्या पाहिल्या आहेत: मालकाच्या मजलिसमधला कहवा, बॅगेतली नेसकॅफे आणि आता मुलीच्या बरणीतली कोल्ड ब्रू. तुलना करायला याहून योग्य परीक्षक कुठे मिळणार?

चुटकीची कॉफी होते कशी

इन्स्टंट कॉफी म्हणजे कॉफीची पूड नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावं. कारखान्यात भाजून दळलेल्या बियांतून दाबाखालच्या खूप गरम पाण्याने अर्क काढतात, तो घट्ट करतात आणि सुकवतात. सुकवण्याच्या दोन तऱ्हा. गरम हवेत फवारा मारून सुकवली की बारीक पावडर मिळते. गोठवून, हवा काढून घेऊन सुकवली की खड्यांसारखी, जरा महाग कॉफी मिळते. दुसऱ्या तऱ्हेत उष्णता कमी लागते, म्हणून वास अधिक टिकतो. एक किलो इन्स्टंटसाठी साधारण अडीच किलो कच्च्या बिया लागतात. आपण घरी गरम पाण्यात कॉफी करतो तेव्हा बियांच्या वजनाचा पाचवा हिस्सा पाण्यात उतरतो. कारखाना मात्र त्याच्या दुपटीच्या आसपास ओरबाडून घेतो. म्हणून तिच्यात तो करपट, जाड कडवटपणा येतो. नाजूक वास आधीच उडालेले असतात.

१९०१ मध्ये अमेरिकेतल्या बफेलोच्या प्रदर्शनात सातोरी काटो या जपानी रसायनतज्ज्ञाने विरघळणारी कॉफी लोकांना पाजली होती. पण घराघरांत ती गेली १९३८ नंतर. ब्राझीलमध्ये कॉफी पिकून पडली होती, भाव कोसळले होते, उरलेला माल टिकवायचा कसा या विवंचनेतून नेस्लेकडे विचारणा झाली आणि मॅक्स मॉर्गनथालर यांच्या काही वर्षांच्या खटपटीतून नेसकॅफे निघाली. मग महायुद्ध आलं, सैनिकांच्या शिध्यात ती गेली, आणि बाकीचा इतिहास आपल्या कपाटात आहेच. भारतात ब्रुक बाँडची ब्रू १९६० च्या दशकाच्या अखेरीस आली.

दुकानात बरणी घेताना मागची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. आपल्याकडे पुष्कळ स्वस्त पाकिटांत चिकोरी मिसळलेली असते. चिकोरी हे एक मूळ आहे, भाजून दळतात. नियमाप्रमाणे अशा मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के हवी आणि प्रमाण पाकिटावर छापलेलं हवं. चिकोरी वाईट नाही. दुधाच्या कॉफीला तीच रंग आणि जाडपणा देते, शिवाय तिच्यात कॅफीन नसतं. पण कॉफीचे पैसे देऊन निम्मं मूळ घरी आणतोय की नाही, हे तरी कळायला हवं.

आणि अठरा तासांची

कोल्ड ब्रूमध्ये यंत्र नाही, आग नाही. जाडसर दळलेली कॉफी थंड पाण्यात भिजत ठेवायची, बारा ते अठरा तासांनी गाळायची. उष्णता जे काम चार मिनिटांत करते ते इथे वेळ करतो. थंड पाण्यात काही कडवट आणि आंबट द्रव्यं कमी उतरतात, म्हणून चव मऊ, किंचित गोडसर, चॉकलेटकडे झुकणारी लागते. जपानमध्ये क्योटोची थेंबाथेंबाने गाळलेली थंड कॉफी जुनी आहे. अमेरिकेत १९६४ मध्ये टॉड सिम्पसन या रसायन अभियंत्याने घरगुती भांडं काढलं, २०१५ मध्ये स्टारबक्सने ती आपल्या दुकानांत आणली आणि नंतर आपल्याकडेही बाटल्या, पाकिटं निघाली.

करायची असेल तर प्रमाण असं ठेवा: १०० ग्रॅम कॉफी, ८०० मिली पाणी. दळण लापशीच्या रव्याएवढं जाड हवं. बाजारात मिळणारी फिल्टर कॉफीची पूड फार बारीक असते आणि बहुधा चिकोरीवाली. ती भिजवली की चिखल होतो आणि गाळता गाळता जीव जातो. भाजलेल्या बिया मागवून मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवल्या तर जमतं, पण ज्या भांड्यात आपण रोज मसाला वाटतो त्यात नको. कॉफीला शेजारचा वास पटकन लागतो. हाच नियम फ्रिजला. कोकणातल्या फ्रिजमध्ये काय काय असतं हे मी सांगायला नको. सुकटीच्या डब्याशेजारी उघडी बरणी ठेवली तर सकाळी जे निघेल ते प्यायची हिंमत कोणी करू नये. झाकण घट्ट हवं. आधी चहाच्या गाळणीने, मग धुतलेल्या मलमलच्या दुहेरी कापडातून गाळा. कॉफीचा चोथा आपल्या वजनाच्या दुप्पट पाणी पिऊन बसतो, त्यामुळे ८०० मिलीतून हातात साधारण ६०० मिली अर्क येतो. तो निम्मा पाणी किंवा दूध घालून प्यायचा असतो. म्हणजे सहा ग्लास झाले.

परदेशी पाककृतींत ‘ओट्यावर रात्रभर ठेवा’ असं लिहिलेलं असतं. तिकडचा ओटा वीस अंशांचा. आपल्याकडे रायगडमधल्याच भिऱ्याला मार्च २०१७ मध्ये ४६.५ अंशांची नोंद झाली होती. महाडच्या उन्हाळ्यात कॉफी ओट्यावर अठरा तास भिजवणं म्हणजे जंतूंना दावत देणं. सुरुवातीपासून फ्रिजमध्येच ठेवा. गाळलेला अर्क आठवड्याच्या आत संपवा. एकदा दूध घातलं की तो त्याच दिवशी प्यायचा.

सवच्या पडवीत

हे सगळं पुस्तकी राहू नये म्हणून सवमधल्या एका नातेवाइकांच्या घरी आम्ही एक दुपार यातच घालवली. घरात सत्तरी ओलांडलेल्या दादी, कुवेतची नोकरी सुटून परतलेला त्यांचा मुलगा, सूनबाई आणि कॉलेजला जाणारी नात. एका ग्लासात थंड पाण्यात विरघळवलेली चिकोरीविरहित इन्स्टंट, दुसऱ्यात कोल्ड ब्रू, दोन्हींत बर्फ. कोणता ग्लास कोणता ते सांगितलं नाही.

बिनदुधाची, बिनसाखरेची प्यायली तेव्हा फरक लपण्यासारखा नव्हता. चौघांपैकी तिघांनी कोल्ड ब्रूला हात दाखवला. इन्स्टंटचा घोट घशाशी करपट लागत होता, दुसरीचा घोट सरळ उतरत होता. दादींचं मत वेगळं पडलं. “चव आहे, पण हिला वास कुठाय? कॉफी आली हे शेजारच्या घराला कळायला नको?” दादींचं म्हणणं विज्ञानाला धरूनच होतं. कॉफीचा सुगंध वाफेबरोबर उठतो. थंड ग्लासातून तो उठणार कुठून?

मग दोन्हींत दूध आणि दोन-दोन चमचे साखर घातली. आता फक्त नातीला ओळखता आलं, तेही दुसऱ्या घोटाला. बाकी तिघांचा अंदाज म्हणजे काटा-छाप. माझ्या मते या दुपारची सगळ्यात कामाची गोष्ट हीच. तुमच्या घरात कॉफी म्हणजे दूध आणि साखर असेल तर कोल्ड ब्रूवर खर्च करू नका. दूध-साखरेखाली तिचं जे खास आहे तेच दबून जातं. काळी, बिनसाखरेची पिणारं माणूस घरात असेल, मधुमेहामुळे साखर सोडायची असेल, तर मात्र ती उपयोगाची आहे. साखरेशिवाय सहज पिता येईल अशी कॉफी तीच.

सूनबाई एवढा वेळ गप्प होत्या. त्यांनी वेगळाच हिशेब मांडला. “बरणी, गाळणी, कापड, दोन भांडी, आणि मोरीत अडकणारा चोथा. पिणार हे, धुणार कोण?” नातीने कापड धुवायला उचललं, ते चांगलं झालं. सोय म्हणजे फक्त पिणाऱ्याची सोय असते असं समजून आपण पुष्कळ गोष्टींची तुलना करतो. इन्स्टंटला एक कप आणि एक चमचा लागतो. चोथा झाडांना घालता येतो हे खरं, पण तोही कोणीतरी नेऊन घालावा लागतो.

पावसाळ्यात गणित आणखी बदलतं. २२ जुलै २०२१ ला सावित्रीचं पाणी महाडमध्ये शिरलं तेव्हा कित्येक दिवस वीज नव्हती. तेवढा कहर दरवर्षी नसतो, पण वादळवाऱ्यात दिवे जाणं हे आपल्याला नवं नाही. फ्रिज बंद तर कोल्ड ब्रूही बंद. इन्स्टंटला स्टोव्हवरचं पाणी पुरतं. तिचा शत्रू वेगळा, दमट हवा. ओला चमचा एकदा बरणीत गेला की आठवड्यात आत दगड तयार. पावसाचे चार महिने मोठी बरणी घेऊच नये. छोटी पाकिटं थोडी महाग पडली तरी परवडतात.

किती, कोणाला

पैशाचा हिशेब तुम्ही तुमच्या दुकानातल्या भावाने करा. रीत सांगते. इन्स्टंट एका कपाला २ ग्रॅम लागते. ५० ग्रॅमची बरणी समजा २०० रुपयांना, तर कप पडला ८ रुपयांना. कोल्ड ब्रूच्या एका ग्लासाला साधारण १७ ग्रॅम कॉफी लागते. बिया समजा २५० ग्रॅमला ५०० रुपये, तर ग्लास ३३-३४ रुपयांचा. चौपट. शहरातल्या दुकानात याच ग्लासाचे दोनशे-अडीचशे मोजावे लागतात, म्हणून पोरांना घरची स्वस्त वाटते. तुलना कशाशी करतो त्यावर आहे.

कॅफीनचा हिशेब मात्र भावासारखा सोडून देता येत नाही. २ ग्रॅम शुद्ध इन्स्टंटमध्ये साधारण ६० मिलिग्रॅम कॅफीन असतं. चिकोरीवाली असेल तर त्याहून कमी. वरच्या प्रमाणात केलेल्या कोल्ड ब्रूच्या एका ग्लासात अरेबिका बियांचं १०० ते १५० मिलिग्रॅम उतरू शकतं. रोबस्टा बियांत कॅफीन जवळपास दुप्पट असतं, तर आकडा आणखी चढतो. आणि चव मऊ असल्यामुळे जिभेला तो कळत नाही. पाणी न घालता कोणी सरळ अर्कच ग्लासभर प्यायलं तर एका बैठकीत चार-पाच कप इन्स्टंट गेली. छातीत धडधड झाली की मग घर घाबरतं. बरणीवर ‘निम्मं पाणी घालणे’ अशी चिठ्ठी चिकटवा, पाहुण्यांच्या मुलांना तर हे सरबत वाटतं.

युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये दिलेल्या मर्यादा अशा: निरोगी मोठ्या माणसाला दिवसाला ४०० मिलिग्रॅमपर्यंत, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला २०० पर्यंत. मुलांना वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला म्हणजे दिवसभरात ६० मिलिग्रॅम, अख्खा एक कप इन्स्टंट. चहातही कॅफीन असतं, तेही यातच धरायचं. सूनबाई गरोदर असेल तर दोन चहा आणि वर कोल्ड ब्रूचा एक ग्लास एवढ्यानेच मर्यादा भरत येते. सासूबाईंनी हे प्रेमाने लक्षात ठेवावं, धाक म्हणून नव्हे.

आम्लपित्तासाठी कोल्ड ब्रू चांगली, असं सर्रास सांगितलं जातं. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाच्या नाइनी राव आणि मेगन फुलर या दोन संशोधिकांनी वेगवेगळ्या देशांच्या बियांची गरम आणि थंड कॉफी करून मोजली. दोन्हींचा सामू ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान निघाला, म्हणजे जवळजवळ सारखा. गरम कॉफीत एकूण आम्लं थोडी जास्त सापडली, पण उपयोगी अँटिऑक्सिडंटही तिच्यातच जास्त. काही जणांना थंड कॉफी पोटाला हलकी लागते, ते त्यांनी जरूर प्यावी. पण अब्बांची पित्ताची गोळी बंद करून बरणी भरणं हा उपाय नव्हे.

आता आपल्या भगिनींसाठी एक गोष्ट, आणि ती दोन्ही कॉफ्यांना सारखीच लागू आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी असल्याचं दिसलं. जेवणाबरोबर किंवा जेवल्या-जेवल्या घेतलेला चहा-कॉफी अन्नातलं लोह अंगाला लागू देत नाही. दवाखान्यातून मिळालेली लोहाची गोळी चहाबरोबर गिळणाऱ्या कितीतरी बाया मी पाहिल्या आहेत. गोळी पाण्याने किंवा लिंबू सरबताने घ्या आणि जेवण व कॉफी यांच्यात दोन तास जाऊ द्या. थायरॉइडची सकाळची गोळी असेल तर तिच्यानंतरही निदान अर्धा-पाऊण तास कॉफी नको.

रमजानमध्ये नेहमीचा कप सुटला की पहिल्या दोन-तीन रोजांना दुपारनंतर डोकं धरतं. ते बहुतेक वेळा भुकेने नव्हे, कॅफीन तुटल्याने. शाबानच्या शेवटच्या आठवड्यापासून रोजचा कप अर्ध्यावर आणत गेलं तर हा त्रास पुष्कळ टळतो. सेहरीला छोटा कप इन्स्टंट चालेल, सोबत पाणी भरपूर. फ्रिजमधली तयार कोल्ड ब्रू सेहरीच्या घाईत सोयीची वाटते खरी, पण तो जोरकस ग्लास उपाशी दिवसाच्या तोंडावर घेऊ नये. तरावीहनंतरचा ग्लास तर झोपेचाच शत्रू. कॅफीनचा निम्मा भाग अंगातून जायला साधारण पाच तास लागतात. अकराला प्यायलं तर सेहरीला उठेपर्यंत ते जागंच असतं.

मेहमानांसाठी मात्र मी दादींच्या बाजूची. आपल्या घरात कॉफी म्हणजे दूध उकळताना घातलेली जायफळाची चिमूट, वेलची आणि इन्स्टंटचा चमचा. जायफळ तर कोकणातच होतं, दापोलीच्या कृषी विद्यापीठाने ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशी वाणं काढली आहेत. त्या वासाला कोल्ड ब्रूकडे उत्तर नाही. खारी-बटर बुडवायलाही ती कामाची नाही!

राहिला त्या घरातल्या मुलाचा प्रश्न. कुवेतची नोकरी गेली, हातात थोडी बचत आहे, आणि मुंबई-गोवा महामार्गावर महाडजवळ कोल्ड ब्रूच्या बाटल्यांचा स्टॉल टाकायचा त्याचा बेत आहे. नात उत्साहात, सूनबाई धास्तावलेल्या, दादी दुआ करणाऱ्या. त्याने मला मत विचारलं. मी म्हटलं, महामार्गावर गाडी थांबवणाऱ्या दहांतल्या आठांना गरम हवं असतं, ते दोन मिनिटांत हवं असतं आणि गोड हवं असतं. त्यांच्यासाठी इन्स्टंटच. कोल्ड ब्रू काल भिजवलेली असते. आज किती गाड्या थांबतील हे काल कोणाला ठाऊक? उरलेला अर्क चार-सहा दिवस चालेल, पण बाटलीत दूध घालून ठेवलं तर रात्री ओतून द्यावं लागेल. विजेचा भरवसा नाही, म्हणून बर्फपेटी लागेल. आणि खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी आधी, स्टॉल नंतर. “मग करूच नको म्हणता?” त्याने विचारलं. करू नको म्हटलं नाही. बचत सगळी घालू नको म्हटलं.

शेवटी ठरलं ते असं: गरम इन्स्टंटचा थर्मास मुख्य, जायफळवाली. बर्फपेटीत काळ्या कोल्ड ब्रूच्या सहाच बाटल्या, दूध वेगळं, प्रत्येक बाटलीवर गाळल्याची तारीख. एक उन्हाळा एवढंच. दररोज किती गेल्या आणि किती परत आल्या हे नात वहीत लिहिणार. मे संपला की वही दादींच्या समोर उघडायची, यंत्रबिंत्र घ्यायचं की नाही ते तेव्हा. कापड धुण्याची पाळी कोणाची, हेही सूनबाईंनी त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहवून घेतलं आहे.